वच्छलाबाईचा फौजी स्टोव्ह

वच्छलाबाईला माणसं फारशी आवडत नाहीत. मेंढरं आवडतात, पण त्यातलीही सगळी नाहीत. नवरा आबाराव याला ती सहन करते, दीर सुग्रीव याच्याशी कामापुरतं बोलते, आणि सुग्रीवची बायको प्रेमला हिचं नाव तर ती असं घेते की ऐकणाऱ्याला वाटावं, बाईच्या दाताखाली खडा आला. धाकटी जाऊ घरात आली तेव्हापासून हे चाललंय. सुरुवात कशावरून झाली ते आता दोघींनाही धड सांगता यायचं नाही. प्रेमलाही काही गरीब गाय नव्हे, हेही इथंच सांगून टाकतो. वच्छलाबाईनं एक शब्द टाकला की ती दोन परत करते, आणि हसत करते. ते हसणंच जास्त झोंबतं.

ही भोकरदनकडच्या धावड्याची धनगराची माणसं. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली गोदावरीच्या अंगाला उतरायचं, पीक निघालेल्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पाऊसकाळ जवळ आला की परत फिरायचं. रानातल्या त्या मुक्कामाला वाडा म्हणतात. त्यात भिंत नसते; मेंढरं कोंडायची एक जाळी, एक घोडं, दोन कुत्री, घोंगड्या आणि तीन दगडांची चूल एवढाच संसार. वच्छलाबाई लग्न झाल्यापासून हा वाडा चालवत आलेली. पोटी लेकरू नाही. आबारावचे गुडघे गेलेले. मेंढरांमागं पळायचं काम सगळं सुग्रीवच्या पायांवर. उद्या सुग्रीव वेगळा निघाला, तर आबारावच्या वाटणीची मेंढरं बाजारात जाणार आणि वच्छलाबाई धावड्याच्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसणार, मरेपर्यंत. जगात तिला भीती वाटते ती एवढ्या एकाच गोष्टीची.

म्हणून तर चुलीच्या बाबतीत ती डोळ्यात तेल घालून असते. एका वाड्यात एकच चूल, हा त्यांचा कायदा. आबारावच्या चुलतीनं मागं एकदा रागाच्या भरात पलीकडं तीन दगड मांडून आपल्यापुरता चहा केला. नुसता चहा. पण सगळ्यांनी तो जाळ पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी भाऊभाऊ मेंढरं मोजायला बसले. त्या घरात असं आहे. तुम्ही भांडा, शिव्या द्या, महिनाभर तोंड बघू नका, पण दुसरी चूल पेटली की वाटणी झाली.

आता त्या चुलीवरच गदा आली. कुंभार पिंपळगावचे रामराव हे त्यांचे जुने शेतकरी. मागल्या साली त्यांच्या शिवारात वाऱ्यानं चुलीतली ठिणगी उडाली आणि बांधावर गुंडाळून ठेवलेल्या ठिबकच्या नळ्या वितळून गेल्या. चूल कोणी विझवायची राहिली होती, यावर दोन्ही जावा अजून भांडतात. रामरावांनी मात्र स्पष्टच सांगितलं, "मेंढरं बसवा, माझं काही म्हणणं न्हाई. पण लाकडाचा उघडा जाळ माझ्या रानात बिलकुल चालायचा न्हाई. आन मीच काय, आता कुणीच चालू देणार न्हाई."

रेशनचं रॉकेल कधीच बंद झालेलं. गॅसची छोटी टाकी एकदा घोड्यावर लादून पाहिली, तर ती खोगिराला आपटून वाजायला लागली, घोडं बुजलं आणि टाकीसकट ओढ्यात जाऊन बसलं. राहता राहिला स्पिरिटचा स्टोव्ह. आणि तिथंही या दोघींनी एकच विचार केला, पण एकमेकींना न विचारता.

वच्छलाबाईचा मावसभाऊ जालन्यात भंगार निवडायच्या कामावर आहे. तिथल्या लोखंडाच्या कारखान्यांना भंगार पार परदेशातून येतं. त्या ढिगातून त्यानं तिला एक जड डबा काढून दिला. बाहेर भोकं पाडलेला पत्र्याचा आडोसा, त्यात पातेलं, त्यावर तवा, आणि सगळ्यांच्या पोटात पितळेचा ठोकळा दिवा. दिव्यावर तीन मुकुट उमटवलेले.

"परदेशातल्या मिल्ट्रीचा हाय, आक्का," तो म्हणाला. "बर्फात चालतो."

"आमच्याकडं बर्फ कुठंय?"

"मंग वाऱ्यात तर चाललंच की."

हे तिला बरोबर पटलं. फौजेनं वापरलेली वस्तू म्हणजे माणसानं वापरलेल्या वस्तूपेक्षा वरचीच, असं तिच्या मनानं घेतलं. गावभर दाखवत तो डबा तिनं घरी आणला, आणि ओसरीवर पाहते तर प्रेमलाचा भाऊ अंगद बसलेला. अंगद पुण्यात एका दुकानात कामाला आहे. डोंगर चढायचा शौक असलेल्यांना लागणारं सामान तिथं मिळतं. त्यानंही बहिणीसाठी स्पिरिटचाच स्टोव्ह आणला होता. तळहातावर मावेल एवढा, हलका, कोरा करकरीत. त्याला रबर लावलेलं फिरकीचं झाकण, म्हणजे उरलेलं स्पिरिट आतच राहतं. शिवाय ज्योत कमी करायला वेगळं सरकतं झाकण. बाकी तारेची तिवई आणि वाऱ्यासाठी पातळ पत्र्याची पट्टी.

"ज्येला कामधंदा न्हाई त्येनं डोंगर चढायचा," वच्छलाबाई म्हणाली, "आन त्येचं भांडं आपण वापरायचं?"

"भंगारातलं वापरण्यापरीस बरं," प्रेमला हसत म्हणाली.

अंगदनं स्पिरिटची बाटली उघडून दाखवली तेव्हा सुग्रीवनं जरा जास्तच जवळ जाऊन वास घेतला. दोन्ही बायकांनी एकदमच त्याच्याकडं पाहिलं आणि तो मागं सरला. "हे प्यायलं की डोळे जातात, दाजी," अंगद म्हणाला. मग आबारावनं आपल्या परीनं शहाणपणाची गोष्ट केली. म्हणाला, दोन्ही घ्या की, घोड्याला काय जड होतंय?

यावर दोघी जावा एका सुरात त्याच्या अंगावर गेल्या. एवढ्या वर्षांत त्यांचं एकमत झालेलं मी तरी तेवढंच ऐकलंय. दोन स्टोव्ह म्हणजे दोन चुली, हे पुरुषांना कळत नाही, कारण पुरुष ताटापाशी येतात, चुलीपाशी नाही. शेवटी असं ठरलं की सामान दोन्हींचं न्यायचं, पण पेटवायचा एकच. बदनापूरपर्यंत वच्छलाबाईचा, तिथून पुढं प्रेमलाचा. रामरावांच्या रानात दोन्हींना एकेक दिवस द्यायचा आणि जो बरा ठरेल तो राहील. जिचा स्टोव्ह राहील तिच्या हातात वाडा राहील, हे कोणी बोललं नाही. बोलायची गरजच नव्हती.

निघाले. पहिले दिवस वच्छलाबाईचे. उघड्या माळावर वारा नुसता झोडपत होता, पण फौजी स्टोव्ह ढिम्म हलला नाही. आडोशाच्या आत ज्योत अशी भडकायची की पाणी बघता बघता खळखळायला लागायचं. वच्छलाबाईनं येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ते मुकुट दाखवले. पण त्या दिव्याला एकच चाल ठाऊक होती, पूर्ण जोरात. ज्योत कमी करायची सोयच नव्हती. भाकरीला एका बाजूनं काळे डाग, भात बुडाला लागलेला, आणि स्पिरिट तर असं संपायचं की बाटलीला भोक पडलंय की काय असं वाटावं.

बदनापूरच्या अलीकडं दूध उतू गेलं.

इतरांच्या घरी दूध उतू गेलं तर दूध जातं. त्यांच्यात उतू गेलेलं दूध जाळावर पडलं की ज्या मेंढीचं दूध तिची कास जळते, असं मानतात. चुलीवर दूध वर आलं की वच्छलाबाई झटकन लाकूड मागं ओढायची, उभ्या जन्मात तिच्या हातून थेंब सांडला नव्हता. त्या दिवशीही तिचा हात सवयीनं खाली गेला, पण ओढायला लाकूडच नव्हतं. दूध वर आलं, काठावरून सांडलं आणि चर्र करून जाळात पडलं.

प्रेमला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "बघा, फौज आली आन मेंढीची कास जाळून गेली."

सकाळी त्या मेंढीची कास खरंच सुजलेली निघाली. आबाराव म्हणाला, काटा लागलाय. त्याचं कोणी ऐकलं नाही. वच्छलाबाईनं कासेला हळद लावली आणि दिवसभर कोणाशी बोलली नाही. जळफळत मात्र होती, आणि तिचा जळफळाट पाठमोऱ्या बाईच्या चालीवरूनही कळतो.

बदनापूर ओलांडलं आणि प्रेमलाची पाळी आली. ज्योत कमी, ज्योत जास्त, मर्जीप्रमाणे. भाकरी अशी फुगायची की सुग्रीव एक जास्त खायचा. वच्छलाबाईचे दोन दिवस त्या भाकरी गिळण्यात गेले. मग अंबडच्या अलीकडं वारा उठला आणि पातळ पट्टीचा आडोसा पिपाणीसारखा वाजायला लागला. स्टोव्ह पेटायचा आणि विझायचा. काड्यापेटी रिकामी झाली. एकदाचं पिठलं शिजत आलं, तर कुठून एक कोकरू उड्या मारत आलं, त्यानं तिवईला पाय लावला आणि पिठलं सगळं मातीत. फौजी डबा कोकराच्या बापाच्यानंही हलला नसता. त्या दिवशी वच्छलाबाईनं कोरडी भाकरी मिरचीशी इतक्या चवीनं खाल्ली की लग्नाच्या पंगतीतही खाल्ली नसेल.

"हलकं भांडं, हलकी माणसं," ती म्हणाली.

"जड तर दगडबी असतो, आक्का," प्रेमला म्हणाली. पण हसली नाही.

अशा बरोबरीत दोघी कुंभार पिंपळगावला पोचल्या. सोयाबीन निघालेलं रान, मधे एक बाभूळ, आणि डोक्यावर ऊन. रामराव दुपारचे बघायला आले. आदल्या सालच्या नळ्या ते विसरले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं. आबाराव आणि सुग्रीव त्यांना घेऊन जाळीकडं गेले. त्या दिवशी फौजी स्टोव्हची पाळी होती. पाहुण्याला चहा करून दाखवायचा होता, आणि तो चहा नीट झाला असता तर निकाल तिथंच लागला असता. वच्छलाबाईनं स्टोव्ह मांडला, पेटवला, पाणी ठेवलं. समोर प्रेमला परातीत पीठ मळत बसलेली.

पाणी गरम व्हायला लागलं आणि वच्छलाबाईला वाटलं, जाळ गेला. तिनं पातेलं उचलून खाली ठेवलं, वाकून दिव्यात पाहिलं. काहीच नाही. धूर नाही, निखारा नाही, आवाज नाही. चाळीसेक वर्षं या बाईनं विस्तव डोळ्यांनी ओळखला होता. लाकूड लाल असेल तर पेटलंय, राखाडी असेल तर आत धग आहे, काळं असेल तर मेलं. पण स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही. आतापर्यंत सकाळ-संध्याकाळ रांधलेलं, तेव्हा निळी दिसायची. भर उन्हात ती जणू नसतेच, आणि जळत असते.

प्रेमलानं बाजूचा तवा घ्यायला स्टोव्हवरून हात पुढं केला आणि झटकन मागं घेतला. वच्छलाबाईनं ते पाहिलं, डोळ्याच्या कोपऱ्यातून. तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. तिनं बाटली उचलली, बूच काढलं. प्रेमला बघत होती. पिठातला हात पिठातच थांबलेला. वच्छलाबाईनं बाटली वाकडी केली.

भक्कन जाळ वर आला. बाटली हातातून उडाली, बाही पेटली, पदर पेटला. त्यानंतरचं सगळं एका श्वासात झालं. प्रेमलानं घोंगडी ओढली, जावेच्या अंगावर टाकली, तिला खाली पाडलं आणि वर स्वतः पडली. माणसं धावत आली तोवर जाळ विझला होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला, बाकी बाई वाचली.

"सख्ख्या बहिणीनं केलं नसतं," रामराव म्हणाले. आबारावच्या डोळ्यांत पाणी आलं. सुग्रीवनं बायकोकडं असं पाहिलं की जणू आजच तिच्याशी लग्न झालं. आणि घोंगडीखाली, तोंडात माती घेऊन पडलेल्या वच्छलाबाईला त्या मागं घेतलेल्या हाताचा अर्थ लागला. चटका बसल्यापासून बाटली वाकडी होईपर्यंत एक शब्द बोलायला भरपूर वेळ होता. "थांब." एवढाच शब्द.

गावातल्या दवाखान्यात पट्टी बांधली. येताना आबाराव सारखं म्हणत होता, प्रेमला होती म्हणून वाचलीस. वच्छलाबाई गप्प. बोलली असती तर आबाराव भावावर उठला असता, आणि मेंढरं मोजायला बसायला दुसरा दिवसही लागला नसता. पुढं ती पत्र्याची खोली. ज्या बाईनं आयुष्यात कोणाचा अर्धा शब्द गिळला नाही, तिनं हे सगळं गिळलं. भाजलेल्या हातापेक्षा ते जास्त दुखलं, आणि हे मी तिची कड घेऊन सांगत नाही.

सुग्रीवनं परस्पर निकाल देऊन टाकला. दोष फौजी दिव्याचा, म्हणे. अरे बाबा, उन्हात अंगदचा स्टोव्हही तसाच जळतो, पण हे त्याला कोण सांगणार? त्यानं तो मुकुटांचा दिवा बांधावर फेकून दिला. पण बाहेरचा जड आडोसा ठेवला, आणि त्यात बायकोचा हलका दिवा बसवून पाहिला, तर तो नेमका बसला. आता वारा लागत नव्हता, कोकरू पाडत नव्हतं, ज्योत हवी तेवढी. सगळे खूश. वच्छलाबाईच्या चुलीचं कातडं काढून जावेच्या चुलीला घातलं होतं, आणि ती डाव्या हातानं जेवत होती. प्रेमला तिला भाकरी कुस्करून द्यायची. भाकरी चांगली व्हायची. खरा संताप तर त्याचाच होता.

काम नसल्यानं वच्छलाबाई दिवसभर स्टोव्हकडं बघत बसायची. बघता बघता तिला तो जाळ दिसायला लागला. ज्योत नाही दिसायची, पण तिच्यावरची हवा थरथरताना दिसायची, पलीकडची बाभूळ त्या हवेतून हलल्यासारखी व्हायची. सोयाबीनचा भुसा उडत उडत तिथं आला की उगीच वर चढायचा.

अशाच एका दुपारी पुरुष मेंढरं घेऊन पलीकडच्या शेतात गेले होते. प्रेमला डाळ शिजवत होती. मधेच तिनं पातेलं उतरवलं, दिव्यात वाकून पाहिलं. काही दिसेना. तिनं बाटली घेतली.

वच्छलाबाईनं पाहिलं, बाभूळ हलत होती.

ती गप्प राहिली. खोटं कशाला सांगू, तिला ते हवं होतं. या बाईचाही हात भाजावा, हीपण डाव्या हातानं जेवावी, हिलाही कुणीतरी कुस्करून द्यावं. प्रेमलानं बूच काढलं. वच्छलाबाईला आपल्या पट्टीखालची कातडी ओढल्यासारखी झाली. प्रेमलानं बाटली वाकडी करायला मनगट वळवलं.

"थांब. जळून राह्यला त्यो आजून."

प्रेमलाचा हात जागीच थांबला. तिनं दुसरा हात दिव्यावर धरला आणि झटकन मागं घेतला. अगदी तसाच, जसा त्या दिवशी घेतला होता. मग तिनं मान वर केली.

"म्या सांगितलं, परमले," वच्छलाबाई म्हणाली. "तू न्हाई सांगितलं."

दोन शब्द परत करणाऱ्या बाईला त्या दिवशी एकही धड सापडला नाही. हसू तर नाहीच नाही.

"आक्का, मी... मी लगीच घोंगडी..."

"घोंगडी टाकली. म्हाईत हाय मला. सगळा गाव सांगून राह्यला." वच्छलाबाईनं डावा हात पुढं केला. "बाटली दे."

"आन सैपाक?"

"सैपाक तूच कर. बाटली माझ्याजवळ राहील."

प्रेमलानं बूच घट्ट लावलं आणि बाटली तिच्या हातात दिली. तेव्हापासून ती वच्छलाबाईच्या पिशवीत असते, उशाला. हात बरा झाला, कातडी गुलाबी आली, तरी तिथंच. स्टोव्ह पेटवायचा म्हटलं की प्रेमलाला उठून यावं लागतं आणि म्हणावं लागतं, "आक्का, बाटली." वच्छलाबाई जागची उठते, दिव्यावर तळहात धरते, सावकाश धरते, पलीकडचं झाड बघते, आणि मग देते. दिवसातून दोनदा प्रेमला तिथं मान खाली घालून उभी असते.

आबारावला वाटतं, एकदाचं जावांचं जुळलं. सुग्रीवही तेच म्हणतो. भांडण नाही, आवाज नाही, आणि वाड्यात चूल एकच आहे.